ताटातलं गोड आणि कपातलं गोड

वजन उतरवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड गोडावर पडते. भात निम्मा करायला मन धजत नाही, वडापाव ‘कधीतरी चालतो’, पण लाडू त्याच दिवशी वर्ज्य होतात आणि सणाच्या पंगतीत ‘मला गोड नको हं, बंद केलंय’ असं थोड्या अभिमानानंच सांगितलं जातं. हा निर्णय लोकप्रिय आहे, कारण तो सोपा आहे. त्याला वजनकाटा लागत नाही, हिशेब लागत नाही, आणि त्यागाचं थोडं पुण्यही पदरी पडतं. गोड वजनाला निरुपद्रवी असतं असं म्हणण्याचा इथे हेतू नाही. पण सरसकट बंदीचा नेम बहुतेक वेळा चुकतो, आणि तो का चुकतो हे पाहण्यासारखं आहे. आपल्या दिवसभराच्या खाण्यात दोन तऱ्हेचं गोड असतं. एक ताटातलं: पुरणपोळी, श्रीखंड, मोदक, बेसनाचा लाडू. त्याला नाव असतं, त्याची वाट पाहिलेली असते आणि ते चव घेत खाल्लं जातं. दुसरं कपातलं: चहाकॉफीतली साखर, थंड पेयं, चहाबरोबर नकळत तोंडात जाणारी बिस्किटं. ते रोज असतं आणि रोज असल्यामुळे त्याची गोडी जाणवेनाशी झालेली असते. वजन उतरवणाऱ्यानं कापायचं ते हे दुसरं, आणि पहिलं माप ठरवून ठेवायचं. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे. पुढे त्याचे पुरावे आहेत आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार आहे.

आधी साखरेवरचा मूळ आरोप तपासू. आरोप असा, की चरबी वाढवण्याचा काही खास गुण साखरेत असतो. म्हणून तेवढ्याच कॅलरीच्या पोळ्या खाल्ल्या तर चालतं, लाडू चालत नाही. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात. भातातल्या किंवा गव्हातल्या एक ग्रॅम पिष्टातूनही तेवढ्याच मिळतात, तर एक ग्रॅम तुपातून किंवा तेलातून ९. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या लिसा ते मोरेंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर आणि वजन यांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला. काही चाचण्यांमध्ये साखर काढून तिच्या जागी तेवढ्याच कॅलरीचं दुसरं पिष्टमय अन्न दिलं होतं. तिथे वजनात फरक पडला नाही. दुसऱ्या चाचण्यांमध्ये लोकांना हवं तेवढं खायची मुभा होती आणि फक्त साखर कमी करायला सांगितलं होतं. तिथे वजन सरासरी ०.८ किलोनं उतरलं. साखर वाढवायला सांगितलं तिथे ते जवळपास तितकंच चढलं. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते. साखर वजन वाढवते ती जादा कॅलरी पोटात आणून, आणि हे काम ती फार सहज करते. म्हणजे दोष साखरेच्या रसायनात कमी आणि ती कशी, किती, कशातून खाल्ली जाते यात जास्त आहे.

हेच अधिक कडक कसोटीवर पाहायचं तर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा १९९७ चा प्रयोग आहे. रिचर्ड सरविट आणि सहकाऱ्यांनी ४२ लठ्ठ स्त्रियांना सहा आठवडे साधारण ११०० कॅलरींचा, कमी स्निग्धांशाचा आहार दिला. एका गटाच्या आहारात ४३ टक्के कॅलरी साखरेच्या होत्या, दुसऱ्या गटात फक्त ४ टक्के. पहिल्या गटाच्या पोटात रोज शंभर ग्रॅमहून जास्त साखर जात होती. तरी दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं. असा आहार कुणी घ्यावा असं यातून निघत नाही. रोजच्या आयुष्यात शंभर ग्रॅम साखर खाऊन ११०० कॅलरींत थांबणं कुणालाच जमणार नाही, आणि त्यात प्रथिनं, तंतू, जीवनसत्त्वं यांना जागाच उरणार नाही. पण ‘गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वाढलं की कितीही कमी खा, चरबी उतरत नाही’ हे जे ठासून सांगितलं जातं, त्याला या प्रयोगानंतर फारसा आधार राहत नाही. एकूण कॅलरी कमी असतील तर आहारात साखर असूनही चरबी उतरते.

मग साखर आली की एकूण कॅलरी वाढतात का? तर साखर कुठल्या रूपात आली यावर ते अवलंबून असतं, आणि इथेच ताट आणि कप वेगळे होतात. पर्ड्यू विद्यापीठातल्या डिमेग्लिओ आणि मॅट्स या संशोधकांनी २००० मध्ये एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या साखरेच्या गोळ्या खायला दिल्या, आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड शीतपेय प्यायला दिलं. बाकी खाण्यावर काही बंधन नव्हतं. गोळ्या खाल्ल्या त्या काळात लोकांनी आपण होऊन इतर खाणं तेवढ्यानं कमी केलं. पेयाच्या काळात मात्र इतर खाणं कमी झालंच नाही आणि वजन वाढलं. चावून खाल्लेल्या गोडाची पोट दखल घेतं. प्यायलेलं गोड त्याच्या हिशेबात धरलंच जात नाही. १५ माणसांच्या एका प्रयोगावर सगळा डोलारा उभारू नये हे खरं. पण गोड पेयांचा आणि वाढत्या वजनाचा संबंध नंतरच्या अनेक मोठ्या पाहण्यांतही पुन्हा पुन्हा दिसला आहे, आणि गोडाच्या सगळ्या प्रकारांत पेयांविरुद्धचा पुरावा सर्वांत भक्कम आहे.

आपल्याकडे या पेयांत पहिला नंबर बाटलीबंद थंड पेयाचा लागत नाही. तो चहाचा लागतो. ३०० मिलिलिटर थंड पेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, पण ते रोज पिणारे कमी. चहा रोजचा. सकाळी उठल्यावर, नाश्त्याबरोबर, कामावर दुपारी आणि संध्याकाळी असे चार कप धरले आणि कपाला दोन लहान चमचे साखर धरली, तर पाच ग्रॅमच्या चमच्यानं ती ४० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेल्या साखरेच्या कॅलरी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हव्यात आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवल्या तर उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही याच्याच आसपासचा आहे. म्हणजे एखाद्यानं मिठाईला वर्षभर हात लावला नाही, पण चार कप गोड चहा चालू ठेवला, तर ही मर्यादा तो रोज दुपारच्या चहालाच ओलांडतो. ४० ग्रॅम साखरेच्या १६० कॅलरी, आठवड्याच्या ११२०. आणि यातला आनंद किती? सकाळचा पहिला कप सोडला तर बाकीचे कप सवयीनं घेतले जातात. ‘चहा गोड झाला होता का?’ असं कुणी तासाभरानं विचारलं तर आठवत नाही.

आता ताटातला एक पदार्थ उलगडून पाहू. २५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम तूप आणि २०० ग्रॅम पिठीसाखर घेतली तर ४० ग्रॅमचे पंधरा लाडू होतात. बेसनाच्या साधारण ९५० कॅलरी, तुपाच्या १३५० आणि साखरेच्या ८००, मिळून ३१००. एका लाडवाला २०५ च्या आसपास पडतात. या आकड्यांत दोन गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली अशी, की लाडवात सर्वांत मोठा वाटा साखरेचा नाही, तुपाचा आहे. साखर जेमतेम एक चतुर्थांश कॅलरी देते. म्हणून ‘शुगर फ्री’ लाडू किंवा बर्फी खाऊन वजनाचं फार भलं होत नाही. सगळी साखर काढली तरी लाडवात दीडशे कॅलरी उरतातच, आणि ‘साखर नाहीये’ या भरवशावर एकाचे दोन होतात. साखरेऐवजी गूळ घातला तरी तीच गत. शंभर ग्रॅम साखरेतून ४०० च्या आसपास कॅलरी मिळतात, गुळातून ३८० च्या आसपास. वीसएक कॅलरींच्या फरकासाठी गुळाला पथ्याचा पदार्थ म्हणण्यात अर्थ नाही. त्यात लोह असतं, पण लाडवापुरत्या गुळातून येणारं लोह नगण्य. गुळाची पोळी गुळाच्या चवीसाठी खावी, औषध म्हणून खाऊ नये. दुसरी गोष्ट अशी, की गोड चहाच्या आठवड्याभराच्या साखरेत असे पाच लाडू बसतात. पाच लाडू खाल्ले तर माणूस स्वतःला चार दिवस दोष देत बसेल. चहाबद्दल त्याच्या मनात शंकाही येत नाही.

या हिशेबाला वजनाच्या भाषेत आणू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. समजा, कुणी रोज ५०० कॅलरी कमी खायचं ठरवलं. आठवड्याची तूट ३५०० कॅलरींची झाली. आता त्यानं आठवड्यातून दोन बेसनाचे लाडू खाल्ले, आणि त्यासाठी दुसरं काहीच कमी केलं नाही, तर तूट ३०९० वर येते. वजन उतरण्याचा वेग सुमारे बारा टक्क्यांनी मंदावतो. साध्या गणितानं वीस आठवड्यांत ९ किलो उतरायचं तिथे ८ उतरेल. शरीर इतकं सरळ वागत नाही. वजन घटत जातं तसा त्याचा खर्चही कमी होतो आणि दोन्ही आकडे थोडे खाली येतात, पण त्यांच्यातलं प्रमाण तेच राहतं. शिवाय याच माणसानं चहातली साखर निम्मी केली तर आठवड्याला ५६० कॅलरी वाचतात. दोन लाडू त्यातच बसतात आणि वर दीडशे उरतात. गोड सोडून मिळणारा फायदा इतका लहान आहे. तो घेण्यासाठी आहारावरची निष्ठा पणाला लावावी का, हा खरा प्रश्न आहे.

निष्ठेला एवढं महत्त्व का, याचं उत्तर २००५ च्या एका अमेरिकी चाचणीत आहे. मायकेल डॅन्सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६० जणांना त्या काळी गाजत असलेल्या चार आहारपद्धतींमध्ये वाटून दिलं: अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश. एकीत पिष्ट जवळजवळ बंद, एकीत स्निग्धांश जवळजवळ बंद, बाकी दोन मधल्या. वर्षानंतर चारही गटांत घटलेलं वजन साधारण सारखंच निघालं. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. आपल्या वाट्याला आलेली पद्धत ज्यानं जितकी धरून ठेवली, तितकं त्याचं वजन उतरलं. आणि कडक पद्धतींतून बरेच जण वर्ष संपायच्या आत बाहेर पडले होते. वजन उतरवणारा आहार ओळखायचा तो तो वर्षभर चालतो का यावरून. या कसोटीवर गोडबंदीकडे पाहिलं की तिचा कमकुवत सांधा दिसतो. महाराष्ट्रातल्या घरात संक्रांतीची गुळपोळी, होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड, उन्हाळ्याचा आमरस, गणपतीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ असं वर्ष गोडानं आखलेलं असतं. मधल्या जागा वाढदिवसाचे केक आणि निकालाचे पेढे भरून काढतात. अशा वर्षात संपूर्ण बंदी मोडणार हे ठरलेलं आहे. मोडल्यावर माणूस काय करतो एवढंच पाहायचं.

ते पाहणारा प्रयोग पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये केला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना एक, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग चव सांगायच्या निमित्तानं आइस्क्रीम समोर ठेवलं आणि हवं तेवढं खायला सांगितलं. एरवी खाण्यावर निर्बंध न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिक आहे. सतत पथ्यावर असणाऱ्या मुलींनी उलट केलं: मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच होतं, मग आता कशाला थांबायचं! आपल्याकडे उपास मोडल्यावर याच तर्कानं संध्याकाळी भेळेपर्यंत मजल जाते. पुढे २००५ मध्ये टोरांटोच्या जॅनेट पोलिव्ही आणि हर्मन यांनी आठवडाभर काहींना चॉकलेट वर्ज्य करायला सांगितलं. नंतर चॉकलेट समोर आल्यावर सर्वांत जास्त ते खाल्लं पथ्य करणाऱ्या आणि चॉकलेटपासून दूर ठेवलेल्या स्त्रियांनी. एक लाडू दोनशे कॅलरींचा. ‘आज गेलंच सगळं, सोमवारपासून बघू’ या वाक्याची किंमत हजार-दीड हजार कॅलरींपर्यंत सहज जाते. नुकसान लाडवानं होत नाही, त्याच्यामागून येणाऱ्या त्या वाक्यानं होतं. आणि आठवड्याचे दोन लाडू आधीच हिशेबात धरले असतील तर ते वाक्य म्हणायची वेळच येत नाही.

यावरचा पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, की साखरेचं व्यसन असतं. दारुड्याला ‘आठवड्यातून दोनदाच घे’ असं सांगत नाहीत, मग गोडखाऊला कसं सांगता? व्यसनाच्या या कल्पनेचा मोठा आधार प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उंदरांवरचे प्रयोग हा आहे. त्या उंदरांनी साखरेच्या पाण्यावर खरोखरच झडप घातली, आणि त्यांच्या मेंदूत व्यसनासारखे बदल दिसले. पण प्रयोगाची रचना नीट वाचायला हवी. त्या उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखर दिली जात होती. ज्यांना साखर दिवसभर उपलब्ध होती त्यांच्यात ते वर्तन दिसलं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा सगळा पुरावा तपासून हेच नोंदवलं, की माणसांमध्ये साखरेच्या व्यसनाला पुरेसा आधार नाही आणि प्राण्यांमध्ये तसं वर्तन दिसतं ते आळीपाळीनं तोडण्याच्या आणि देण्याच्या परिस्थितीत. म्हणजे ज्या पुराव्याच्या बळावर बंदी सुचवली जाते, तोच बंदीविरुद्ध बोलतो.

तरी या आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो लपवू नये. दोन वर्षं चाललेल्या एका अमेरिकी चाचणीत, ज्यांच्या आहारातून पिष्ट आणि साखर कमी केली होती त्यांची गोडाची ओढ वाढण्याऐवजी कमी झाली, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं. म्हणजे ‘बंदी घातली की ओढ वाढतेच’ हा नियम सार्वत्रिक नाही. हे आठवडाभराच्या चॉकलेटबंदीच्या निकालाशी कसं जुळवायचं? फरक मुदतीत आणि आधारात आहे. त्या चाचणीतल्या लोकांना नियमित मार्गदर्शन होतं, खाण्याची घडी बसलेली होती, आणि ओढ हळूहळू, काही महिन्यांत उतरली. घरी एकट्यानं, उद्यापासून, सगळंच, अशी बंदी घालणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. शिवाय काही माणसांना एखादा ठरावीक पदार्थ हाती आला की थांबताच येत नाही, हेही खरं आहे. त्यांनी तो पदार्थ घरात आणू नये, बाहेर एक नग घेऊन खावा. आणि ज्यांचं खाणं वारंवार हाताबाहेर जातं, खाऊन झाल्यावर लाज आणि अपराधीपणा छळतो, त्यांना पुस्तकाच्या सल्ल्यापेक्षा तज्ज्ञाची मदत हवी. पण अपवादांसाठी योग्य असलेला उपाय सगळ्यांवर लादला की तो बहुतेकांच्या बाबतीत फसतो.

दुसरा आक्षेप भारतीय शरीराचा आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे, की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी शरीरात चरबी जास्त बाळगतात, तीही पोटाभोवती. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तेव्हा परदेशी लोकांवरच्या प्रयोगांवरून आपण गोडाला मोकळीक द्यावी का, ही शंका रास्त आहे. पण तिचं उत्तर माप लहान करण्यात आहे. चक्का आणि साखर समसमान घेऊन केलेल्या श्रीखंडाच्या शंभर ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम साखर असते. आपल्याला परवडते ती त्याची चौथाई ते निम्मी. मधुमेह असेल तर कुठलं गोड, किती आणि कशाबरोबर हे डॉक्टरांच्या सल्ल्यानंच ठरवायचं. रक्तातल्या साखरेचं गणित वजनाच्या गणिताहून वेगळं आहे. आणि आपल्या शरीराची ही ठेवण लक्षात घेतली तर रोजच्या ४० ग्रॅम चहातल्या साखरेवर आधी रोख वळायला हवा, वर्षातून चारदा होणाऱ्या पुरणपोळीवर नंतर.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: ‘माफक’ हा शब्द रबरी आहे, प्रत्येकाला स्वतःचा घास माफकच वाटतो. हे मान्य करावं लागतं, म्हणून मापाला आकार द्यायला हवा. त्यासाठी चवीचा एक गुणधर्म कामी येतो. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ पासून दाखवलं आहे, की एकच पदार्थ खात गेलं की पोट भरण्याआधीच त्या पदार्थाची गोडी उतरू लागते, आणि दुसऱ्या चवीची मात्र टिकून राहते. दुसऱ्या गुलाबजामला पहिल्याची चव नसते ती यामुळे. कॅलरी मात्र दोन्हींना सारख्याच. मग लाडू लहान वळावे, श्रीखंड मोठ्या वाटीऐवजी चटणीच्या वाटीत घ्यावं, आणि बसून, दुसरं काही न करता खावं. त्याच संशोधनाची दुसरी बाजू धोक्याची आहे. दिवाळीच्या ताटात लाडू, करंजी, शंकरपाळे, चिवडा, चकली एकत्र येतात तेव्हा गोडानं तोंड मिटलं की तिखट उघडतं आणि तिखटानं मिटलं की गोड. त्या ताटात रोज दोनच पदार्थ घ्यायचे आणि प्रकार आठवड्यावर पसरायचे, एवढं केलं तरी खूप साधतं.

दुसरी शिस्त जागेची. आपल्याकडे पुरणपोळी हे जेवणानंतरचं गोड कधीच नव्हतं. ती जेवणच होती. २५ ग्रॅम कणीक, तेवढीच हरभऱ्याची डाळ आणि तेवढाच गूळ धरला तर एका मध्यम पुरणपोळीला सुमारे २७० कॅलरी होतात, वर चमचाभर तूप घेतलं तर ३१५. साध्या तीन पोळ्यांच्या इतकं हे होतं. बिघडतं ते पोळ्या, वरणभात, बटाट्याची भाजी, भजी हे सगळं नेहमीसारखं होऊन वर दोन पुरणपोळ्या येतात तेव्हा. त्या दिवशी साध्या पोळ्या आणि भात वगळून कटाची आमटी, कोशिंबीर आणि एक पुरणपोळी घेतली तर दिवसाचा हिशेब फारसा हलत नाही. गोड जेवणाच्या आत, इतर पिष्टाच्या बदल्यात आणणं ही पद्धत आहारशास्त्रातही चालते. तेल अवीवच्या डॅनिएला जाकुबोविच यांनी १९३ लठ्ठ लोकांना सारख्याच कॅलरींच्या दोन आहारांवर ठेवलं. एका गटाला सकाळी मोठी, प्रथिनयुक्त न्याहारी आणि तिच्यात केक किंवा चॉकलेटसारखं काही गोड, दुसऱ्याला लहान, कमी पिष्टाची न्याहारी. पहिल्या १६ आठवड्यांत दोघांचंही वजन उतरलं. पुढच्या १६ आठवड्यांत गोड खाणाऱ्यांचं उतरत राहिलं आणि दुसऱ्यांचं बरंचसं परत चढलं. श्रेय एकट्या केकचं नाही, न्याहारीचा आकार आणि प्रथिनंही त्यात होती. पण नेमून दिलेलं गोड वजन उतरण्याच्या आड आलं नाही, एवढं तरी निश्चित दिसलं.

कपातली साखर कमी करताना कृत्रिम गोडीकडे वळायचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोळ्या आणि पावडरींवर विसंबू नये असा सल्ला दिला, कारण दीर्घकाळात त्यांचा फायदा दिसत नाही. त्यापेक्षा दर पंधरवड्याला कपामागे पाव चमचा कमी करत जाणं टिकाऊ ठरतं. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात पॉल वाइज यांनी काही लोकांना तीन महिने कमी साखरेवर ठेवलं, तेव्हा तीच खीर त्यांना पूर्वीपेक्षा जास्त गोड लागू लागली. कपातली साखर उतरली की ताटातल्या गोडाची गोडी वाढते, आणि ते कमी प्रमाणात पुरतं.

उरतो तो आग्रह. ‘एकानं काय होतंय’ म्हणणाऱ्या मावशीपुढे शास्त्र चालत नाही, हे खरं. पण ‘बंद केलंय’ म्हटलं की वाद सुरू होतो आणि ‘अर्धा द्या, मला आवडतो’ म्हटलं की वाढणाऱ्याचाही मान राहतो. सणांचा धसकाही प्रमाणात घ्यावा. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९५ जणांचं वजन नाताळच्या हंगामात सरासरी जेमतेम ०.३७ किलो वाढलं होतं. धोका त्या वाढीच्या आकारात नव्हता. ती पुढे उतरली नाही आणि वर्षावर वर्षं साचत गेली, यात होता. तेव्हा सणात खाल्लं म्हणून घाबरायचं कारण नाही. सणानंतर उरलेला डबा आठवडाभर पुरवत बसायचं नाही.

या सगळ्याला शेवटचं वजन देणारी गोष्ट आहे ती भूक. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं, की वजन एक किलो उतरलं की भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आठ किलो उतरवलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा आठशे कॅलरी जास्त खावंसं वाटत असतं, आणि ते महिन्या-दोन महिन्यांत संपत नाही. खरी परीक्षा वजन उतरल्यानंतर सुरू होते, ती याच कारणानं. त्या दीर्घ काळात ज्या नियमांना रोज झगडून पाळावं लागतं ते आधी गळून पडतात, आणि ज्यांत आवडीला जागा आहे ते राहतात. आहार आखताना ‘यानं किती लवकर उतरेल?’ हा प्रश्न दुय्यम ठेवावा आणि ‘पाच वर्षांनीही मी असंच खाईन का?’ हा आधी विचारावा. बिनसाखरेच्या चहाला बहुतेकांचं उत्तर ‘हो, सवय होईल’ असं येतं. आयुष्यभर पुरणपोळी न खाण्याला तसं उत्तर येत नाही, आणि आकडे पाहता ते यायची गरजही नाही.